मदत हवी आहे : सोलापुरात व्हायोला कुठे शिकता येईल?

मंडळी, माझी भाची पाच वर्षं व्हायोलिन शिकतेय, पाश्चात्त्य पद्धतीने. आता तिच्या डोक्यात व्हायोलाचं, म्हणजे व्हायोलिनहून जरा मोठ्या आणि खालच्या स्वरांच्या वाद्याचं, खूळ शिरलंय. कारण विल्यम प्रिमरोझ. ग्लासगोत 1904 साली जन्मलेला हा माणूसही आधी व्हायोलिनवालाच. 1930 मध्ये लंडन स्ट्रिंग क्वार्टेट या चौघांच्या तंतुवाद्य-गटात व्हायोला धरला, तो कायमचा. हंगेरियन संगीतकार बार्टोकने व्हायोला कॉन्चेर्टो (व्हायोला आणि वाद्यवृंदासाठीची रचना) प्रिमरोझच्याच सांगण्यावरून लिहायला घेतला, पण 1945 मध्ये बार्टोक वारला आणि रचना अर्धवट राहिली. बार्टोकचा मित्र तिबोर शेर्लीने ती पुरी केली आणि 1949 मध्ये प्रिमरोझनेच पहिल्यांदा वाजवली. हे सगळं ती मला जेवताना ऐकवते, भाकरी गार होईपर्यंत!

आता अडचण. इथे नव्या पेठेत विचारलं तर दुकानदार म्हणाला, "व्हायोलिनच म्हणायचंय ना?" तिच्या व्हायोलिनवर खालच्या 'सा'ची, म्हणजे त्यांच्या 'सी'ची, जाड तार चढवली तर काम भागेल का? की पंधरा-साडेपंधरा इंची वाद्यच घ्यावं? आणि आपल्या उन्हाळ्यात लाकूड तडकतं, खुंट्या सैल होतात, त्यावर काय करता?

ऑनलाइन शिकवणारं कुणी माहीत आहे का? महिन्यातून एकदा पुण्याला नेता येईल, दर आठवड्याला नाही. मुंबईत 2006 पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा पाश्चात्त्य वाद्यवृंद आहे. तिथपर्यंत पोचायला नेमकी काय तयारी लागते, हेही जाणकारांनी सांगावं. ताई विचारते, "यात पोट भरतं का?" मला उत्तर देता येत नाही.