प्रति: वाळूच्या फिल्टरमधून काळपट पाणी का येतं?

वाळू-खडी-कोळसा भरूनही पाणी काळपट येतं, असं वर विचारलंय. काळपटपणा कोळशाच्या भुकटीचा. तुकडे चांगले धुऊन घ्या, किंवा सरळ काढूनच टाका. चुलीतला साधा कोळसा काही ॲक्टिव्हेटेड कार्बन (खास प्रक्रियेने सच्छिद्र केलेला, घाण शोषणारा कोळसा) नव्हे, आणि महिनोन्‌महिने तसाच राहिला तर त्यावर जंतूच पोसले जातात.

खरं काम वाळूचं. ६० सेंमी उंचीचा पिंप घ्या. तळाशी ५ सेंमी जाड खडी, वर ५ सेंमी बारीक खडी, मग ४० सेंमी बारीक चाळलेली वाळू. समुद्राची नको, खारट असते. वाळू पाण्यात ढवळून वरचं गढूळ पाणी ओतत राहा. ओंजळभर वाळू ग्लासात हलवल्यावर पाणी जवळपास नितळ दिसलं की पुरे. फार धुतलीत तर बारीक कणच वाहून जातात.

नळ तळाशी लावू नका, इथेच बहुतेकांचं चुकतं. तळातून नळी काढून बाहेरून वर न्या आणि तिचं तोंड वाळूच्या ५ सेंमी वर ठेवा. म्हणजे वाळू कधी कोरडी पडत नाही आणि वरचा जैविक थर, म्हणजे पाण्यातले रोगजंतू खाऊन टाकणाऱ्या सूक्ष्मजीवांचा थर, जगतो. तो तयार व्हायला तीन-चार आठवडे लागतात.

धार मंदावली तर फक्त वरची बोटभर वाळू ढवळून गढूळ पाणी काढा. पिण्याआधी पाणी उकळाच. क्षार, फ्लोराईड यात जात नाहीत.