एनएसटी आठवड्यातून दोनदा, खरंच लागते का?

पहिलटकरीण_सातारा: मला ३४वा आठवडा चालू आहे. बीपीमुळे लॅबेटालॉलच्या गोळ्या आहेत. काल एनएसटीसाठी, म्हणजे बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढायच्या तपासणीसाठी, पोटाला दोन पट्टे बांधून डाव्या कुशीवर निजवलं. वीस मिनिटं झाली तरी सिस्टर म्हणाल्या, "बाळ झोपलंय, पडा अजून." शेवटी चाळीस मिनिटांनी कागदावर 'रिॲक्टिव्ह' लिहून दिलं. आता कलर डॉपलरही (रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी) सांगितलंय. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं, पैसे काढायचे धंदे. कुणाला माहिती आहे का?

लेबररूमची_ताई: अगं, खरंच झोपलं असणार. पोटातली बाळं वीस वीस, कधी चाळीस मिनिटं गाढ झोपतात, म्हणून तर कागद लांबवतात. ठोके ११० ते १६० मध्ये हवेत, हे झालंच. पण बघायचं असतं ते वेगळंच: वीस मिनिटांत निदान दोनदा ठोके १५ने वर जाऊन १५ सेकंद तिथे टिकले पाहिजेत, त्यालाच 'रिॲक्टिव्ह' म्हणतात. मला तर तो कागदावरचा डोंगर दिसला की हायसं वाटायचं.

डॉपलर मात्र टाळू नकोस. बीपीत वारेचा (प्लॅसेंटाचा) रक्तपुरवठा कमी पडू शकतो. दोन ठोक्यांच्या मधल्या वेळातही नाळेतलं रक्त बाळाकडून वारेकडे वाहतं राहायला हवं. ते थांबलेलं दिसलं तर डॉक्टर वाट बघत बसत नाहीत. एनएसटी आजचं सांगते, पुढच्या आठवड्याची हमी देत नाही. डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले तर तारखेची वाट न बघता जा.

सासूबाईंना सांग, तेव्हाही होतं. आम्ही भोंगा पोटाला लावून घड्याळात बघत ठोके मोजायचो.

दोन_लेकरांची_आई: माझी चूक सांगते. शुगर होती, इन्सुलिन चालू. ३६व्या आठवड्यात एका दुपारी हालचाल मंदावली. ऑनलाइन मागवलेलं ठोके ऐकायचं यंत्र लावलं, 'धडधड' ऐकू आली, निवांत झोपले. संध्याकाळी सोनोग्राफीत बाळाभोवतीचं पाणी ४ सेंटीमीटर, म्हणजे फारच कमी निघालं. रात्रीच सिझर. मुलगी २ किलो १००, आता शाळेत जाते. त्या यंत्रात स्वतःचीच नाडीही ऐकू येऊ शकते, हे मला नंतर कळलं. आमच्या डॉक्टरांचा हिशोब साधा होता: कुशीवर पडून दोन तासांत दहा हालचाली. नाही भरल्या तर फोन नाही, थेट दवाखाना.

पहिलटकरीण_सातारा: सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "हो गं, तो भोंगा! थंडगार लागायचा पोटाला." शुक्रवारी डॉपलरला त्याच येतायत सोबत.