‘जनरलची फॅमिली’ म्हणजे कोण?

अनुवादिका: १८०३च्या दख्खन मोहिमेतल्या एका इंग्रज अधिकाऱ्याचं पत्र मराठीत आणतेय. त्यात ‘जनरलची फॅमिली’ जेवायला बसते. जनरल म्हणजे आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, आणि त्याचं लग्न तर १८०६ सालचं! संपादक म्हणतात ‘कुटुंबीय’ लिहा. मला पटत नाही.

लॅटिनवेडा: तुमची शंका रास्त आहे. त्या काळी सेनापतीचे एडीसी (खास मदतनीस अधिकारी), सेक्रेटरी, सोबत राहणारे-जेवणारे अधिकारी म्हणजे त्याची फॅमिली. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात अलेक्झांडर हॅमिल्टन हा सेनापती वॉशिंग्टनचा एडीसी, तोही अशाच फॅमिलीतला. लॅटिन ‘फामुलुस’ म्हणजे सेवक, त्यावरून ‘फामिलिया’. रक्ताचं नातं त्यात नंतर मुख्य झालं. ‘खाशी मंडळी’ लिहा.

सोलापूरकर: ‘मंडळी’ नको! आमचे आजोबा ‘मंडळी माहेरी गेलीय’ म्हणायचे ते आजीबद्दल. ‘पदरची माणसं’ बरं.

शुद्धलेखक: निदान तुमच्या आजोबांची मराठी स्वच्छ होती. हल्ली ‘फॅमिलीला दवाखान्यात नेतोय’ म्हणतात आणि नेतात एकट्या बायकोला. दोन्ही भाषांची वाट लावलीय.

सोलापूरकर: वाट कसली? ‘आमचं कुटुंब आजारी आहे’ म्हणजे बायकोच आजारी. बायकोचं नाव घ्यायचं नाही, म्हणून कुटुंब, मंडळी, खटलं. परका शब्द आला आणि त्याच जागेवर बसला. ही मराठीचीच रीत आहे.

अनुवादिका: त्याच पत्रात पुढे छावणीचा गावकऱ्यांशी ‘इंटरकोर्स’ बंद केल्याचं आहे. इथे ‘दळणवळण’ चालेल?

लॅटिनवेडा: चपखल. देवघेव, येणंजाणं, व्यापार हाच त्याचा जुना अर्थ. शरीरसंबंधाचा अर्थ अठराव्या शतकाच्या अखेरीस चिकटला आणि आता बाकी सगळ्यांना गिळून बसलाय.

वर्गशिक्षिका: मराठीत ‘संबंध’चंही तेच चाललंय. ‘त्या दोघांचे संबंध होते’ एवढं लिहिलं की वाचणारा भुवया उंचावतो. आणि ‘लिंग’? व्याकरणात पुल्लिंग-स्त्रीलिंग शिकवताना मागच्या बाकांवर खसखस पिकते. फॉर्मवर मी ‘स्त्री/पुरुष/इतर’ एवढंच छापते, वर मथळाच देत नाही.

शुद्धलेखक: हे चूक आहे. लिंग म्हणजे मुळात खूण. मुलं हसतात म्हणून शब्द टाकायचा?

वर्गशिक्षिका: टाकला नाही. फॉर्म भरणाऱ्या बाईला ओशाळं वाटू नये, एवढंच बघितलं. इंग्रजीतही कितीतरी फॉर्मवर ‘सेक्स’च्या जागी ‘जेंडर’ आलाच ना? ‘जेंडर’ तर मुळात व्याकरणातला शब्द.

लॅटिनवेडा: नात्यांचंही असंच सरकतं. ‘कझिन’ ज्या लॅटिन शब्दापासून आला तो मुळात मावसभावंडांचा. ‘नेफ्यू’ एके काळी नातवालाही म्हणत. लॅटिन ‘नेपोस’ आणि आपला संस्कृत ‘नप्तृ’, म्हणजे नातू, सख्खे शब्द आहेत.

सोलापूरकर: म्हणजे ‘नातू’ आणि ‘नेफ्यू’ एकाच घरचे! पण पुतण्या की भाचा, हे इंग्रजीत कळायचं कसं?

अनुवादिका: मंडळी, ‘पदरची माणसं’ की ‘खाशी मंडळी’? उद्या मजकूर द्यायचाय.

शुद्धलेखक: ‘पुतण्या’ बघा, सरळ ‘पुत्र’वरून आलाय. भावाचा मुलगा आपलाच मुलगा मानला, म्हणून.