मॉबी कडूजहर होते आहे, कुठे चुकतंय?

मंडळी, मदत हवी आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे आठ महिन्यांपासून आम्ही त्रिनिदादला, पोर्ट ऑफ स्पेनमध्ये आहोत. इथे मॉबी नावाचं पेय सगळीकडे मिळतं. कोल्युब्रिना नावाच्या झाडाची (आपल्या बोरीच्याच कुळातलं) साल मसाल्यांबरोबर उकळायची आणि साखर घालून गारेगार प्यायची. घोट घेताना गोड लागतं, गिळलं की मागून कडवटपणा येतो. पहिल्यांदा तोंड वाकडं केलं होतं, आता दुपारी त्याशिवाय करमत नाही.

विकतचं सिरप फार गोड लागतं, म्हणून बाजारातून सालीची पुडी आणली. शेजारच्या आंटींना प्रमाण विचारलं तर सगळं अंदाजपंचे! त्या म्हणाल्या, "स्पाइस घाल." मी बापडीने मिरी, मसाला वेलची, शहाजिरं असं सगळं ढकललं. मागाहून कळलं की इथे स्पाइस म्हणजे नुसती दालचिनी. हसू नका.

दुसऱ्या खेपेला दालचिनी, लवंगा, चक्रीफूल, संत्र्याची वाळकी साल आणि मूठभर मॉबीची साल दीड लिटर पाण्यात पाऊण तास उकळली. निम्मं आटलं. यापेक्षा काडेचिराईत बरं! दीड वाटी साखर पडली तरी कडू ते कडूच.

उकळायचं किती? पहिलं पाणी फेकायचं का? आंटींच्या मॉबीला छान फेस येतो, माझ्या का नाही? आणि आंबवायलाच हवी का?

प्रतिसाद १
ताई, तुम्ही काढा केलात. बार्बाडोसला असताना आम्ही बोटभर लांबीचे चार-पाच तुकडेच घ्यायचो. तीन कप पाण्यात मसाल्यासकट दहा मिनिटं उकळायचं, झाकून रात्रभर मुरू द्यायचं. सकाळी गाळलं की तो अर्क. साखरेच्या गार पाण्यात तो थोडा थोडा, चाखत घालायचा. तुम्ही अर्कच पेला भरून प्यायलात! उरलाय तो फेकू नका, असाच पाणी वाढवून वापरा. फेस सालीतल्या सॅपोनिनचा, रिठ्याला येतो तसाच. बर्फ घालायच्या आधी टपरीवरच्या चहासारखी उंचावरून चार-पाचदा ओता.

प्रतिसाद २
आंबवायलाच हवी असं नाही. पोर्तो रिकोत माबी म्हणतात, तिथे आंबवतात. आधीच्या खेपेतली थोडी राखून नव्यात घालायची, आपलं विरजण असतं तसं. बाटली गळ्यापर्यंत भरू नका आणि बूच सैल ठेवा, नाहीतर स्वयंपाकघराचं छत पुसत बसाल. सवय नसलेल्या पाहुण्याला अर्धाच पेला द्या, पोट ढिलं होतं.

धागाकर्ती
दोघांचे आभार. उरलेल्यात तिप्पट पाणी घातलं, आता पिण्यासारखी झाली. ओतल्यावर दोन बोटं फेसही आला! पण पहिलं पाणी फेकायचं का, ते राहिलंच.

प्रतिसाद १
फेकलंत तर मॉबी कशाला, कोकम सरबतच करा की.