‘रिजेक्ट’ आणि ‘डिस्कार्ड’ : दोन बटणे, मराठी शब्द किती?

मुद्रितशोधक
ईमेलच्या टपालयाद्या (मेलिंग लिस्ट) चालवणाऱ्या ग्नू मेलमन या मुक्त प्रणालीच्या मराठी अनुवादाला आम्ही काही जण फावल्या वेळात हातभार लावतो. टपालयादीवर आलेले पत्र नियामकाच्या मंजुरीसाठी थांबले की त्याच्यासमोर इतर बटणांबरोबर ‘रिजेक्ट’ आणि ‘डिस्कार्ड’ अशी दोन बटणे येतात. पहिले दाबले तर पत्र यादीवर जात नाही आणि तसे पाठवणाऱ्याला कळवले जाते, हवे तर कारणासह. दुसरे दाबले तर पत्र नाहीसे होते आणि पाठवणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. मी अनुक्रमे ‘नाकारा’ आणि ‘फेटाळा’ असे लिहिले होते. चाचणीच्या वेळी एक सहकारी तीन दिवस ‘फेटाळा’ दाबत राहिले, कारण त्यांच्या मते फेटाळले की समोरच्याला कळतेच. शेवटी एका सदस्याने विचारले की, माझी पत्रे जातात तरी कुठे? या दोहोंतला फरक दाखवणारी जोडी मराठीत आहे का?

ओसरीवरून
हा प्रश्न मासिकांच्या संपादकांनी केव्हाच सोडवला आहे. ‘साभार परत’ आणि ‘केराची टोपली’! परतीचे टपाल तिकीट जोडले असेल तर नापसंत कथा साभार परत येई, नाहीतर तिचे काय झाले हे लेखकाने समजून घ्यायचे असे. मीही तिकीट जोडणाऱ्यांपैकीच होतो, त्यामुळे पहिल्या प्रकाराचा माझा अनुभव दांडगा आहे.

निरुक्तप्रेमी
कल्पना गोड आहे, परंतु ‘साभार’मधले आभार मूळ ‘रिजेक्ट’मध्ये नाहीत, नियामकाचा नकार फटकळही असू शकतो. मी ‘रद्द करा’ सुचवीन. अरबीत ‘रद्द’ म्हणजे परत पाठवणे, म्हणजे हा ‘रिजेक्ट’चाच अर्थ झाला. ‘डिस्कार्ड’साठी ‘रद्दीत टाका’ म्हणावे; ‘रद्दी’ही माझ्या मते त्याच कुळातली आहे, त्यामुळे जोडी शोभून दिसेल.

मुद्रितशोधक
‘कॅन्सल’साठी आम्ही सगळीकडे ‘रद्द करा’ वापरले आहे. हे दुसरे ‘रद्द करा’ नियामकाने वेगळे कसे ओळखायचे? शब्दाचे अरबी मूळ बटणावर लिहिता येत नाही.

शुद्धमती
परकी मुळे उकरण्यापेक्षा ‘अस्वीकार’ आणि ‘परित्याग’ हे शब्द घ्यावेत. शिवकाळात राज्यव्यवहारकोश रचून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. साडेतीनशे वर्षांनंतर आपण उलट्या दिशेने का चालावे?

ओसरीवरून
परित्याग राज्याचा होतो, फार तर पत्नीचा. लॉटरी लागल्याचे खोटे पत्र उडवून लावायला इतका भारदस्त शब्द म्हणजे त्या पत्राचा सन्मानच झाला. शिवाय त्या कोशातले किती शब्द आज आपल्या तोंडी आहेत आणि ‘अर्ज’, ‘हुकूम’, ‘दप्तर’ किती आहेत, हेही मोजून पाहावे.

शुद्धमती
रुळत नाहीत कारण वापरत नाही, आणि वापरत नाही कारण रुळलेले नाहीत असे म्हणतो. मेलमनला 2.1 या आवृत्तीपासून अनेक भाषा बोलता येतात, प्रत्येक सदस्याला स्वतःची भाषा निवडता येते, आणि आपण ती भाषा अर्धी उसनी देणार!

तिरपी रेघ
मी असल्या अनुवादात बराच काळ घालवला आहे, म्हणून व्यवहाराचे सांगतो. फरक कळवण्याचा आहे, तर तोच शब्दांत आणावा : ‘कळवून नाकारा’ आणि ‘न कळवता काढून टाका’. अडचण एवढीच की मूळ इंग्रजी मजकूर जसाच्या तसा दुसऱ्या ठिकाणी आला, तर गेटटेक्स्ट, म्हणजे अनुवाद जागोजागी बसवणारी प्रणाली, तोच अनुवाद तिथेही लावते. संदर्भ वेगळा नोंदवलेला असेल तरच दोन अनुवाद देता येतात. तोच शब्द बटणावर आज्ञा म्हणून आणि मांडणीत (सेटिंग्जमध्ये) कृतीचे नाव म्हणून आला, तर ‘काढून टाका’ दुसरीकडे विचित्र वाचले जाईल. यादीच्या नावाचेही असेच होते. ते नाव ऐन वेळी भरले जाते, त्यामुळे त्याचे सामान्यरूप करता येत नाही आणि आपल्याला ‘अमुक या यादीला’ असा ‘या यादीला’चा टेकू द्यावा लागतो. आणखी एक, ‘पत्र नाकारले’ ठीक आहे, पण काही ठिकाणी तुम्ही ‘ईमेल नाकारला’ लिहिले आहे. ईमेल पुल्लिंगी केव्हा झाला?

निरुक्तप्रेमी
आमच्याकडे तो नेहमीच येतो. निरोप येतो, संदेश येतो, तसाच ईमेल येतो.

शुद्धमती
चिठ्ठी येते, तार येते, तशी ईमेल येते. ‘विपत्र’ म्हणाल तर वादच उरत नाही, ते नपुंसकलिंगी आहे.

ओसरीवरून
‘विपत्र’ वाचले की मला ‘विपत्ती’ आठवते. आमच्या घरी ईमेल आले की ‘आलं’ म्हणतात. त्यात काय बिघडले?

मुद्रितशोधक
तूर्त मी ‘कळवून नाकारा’ आणि ‘न कळवता काढून टाका’ असे लिहून दोन्ही नोंदींवर संदिग्ध असल्याची खूण केली आहे. खूण काढेपर्यंत ते अनुवाद वापरले जाणार नाहीत आणि पडद्यावर इंग्रजी शब्दच दिसतील. ईमेलच्या लिंगाचा निर्णय होईपर्यंत ‘पत्र’ हाच शब्द ठेवते.

तिरपी रेघ
हरकत नाही, पण मग ‘ईमेल पत्ता’ हा ‘पत्रपत्ता’ होणार का?