पैसे मोजलेत, आता ‘ते’ गाणं म्हण! (जॉन मेलनकॅम्पच्या कार्यक्रमावरून)

कणीसवाला
परवा एकाने लिहिलं होतं की सत्तरी ओलांडलेल्या रॉक गायकांनी आता घरी बसावं, आवाज गेल्यावर लोकांचे पैसे घेऊ नयेत. तिथेच उत्तर देणार होतो, पण लांबण लागलं, म्हणून हा वेगळा धागा.

मी कोलंबस, इंडियाना इथे राहतो. कोथरूडच्या कमिन्स या इंजिन कंपनीतून निघालेले लोक जिथे येऊन पडतात ते हेच गाव. इथून दक्षिणेला वीसेक मैलांवर सीमोर, म्हणजे रॉक गायक जॉन मेलनकॅम्पचं गाव. जन्म १९५१. छोट्या गावावरचं त्याचं ‘स्मॉल टाउन’ किराणा दुकानात, दातांच्या डॉक्टरकडे, शाळेच्या बास्केटबॉल मॅचला इतक्यांदा वाजतं की मांडवातल्या सनईसारखं ते पुढे ऐकूच येईनासं होतं. मला तरी तो ‘इथला लोकल माणूस’ एवढाच माहीत होता.

फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याचा दौरा ब्लूमिंग्टनच्या विद्यापीठातल्या ऑडिटोरियममधून सुरू झाला. इंजिन चाचणीच्या आमच्या टेस्ट सेलमधला एक सहकारी, अस्सल सीमोरचा, म्हणाला चल. ४६ नंबरच्या रस्त्याने ब्राउन काउंटीच्या टेकड्या ओलांडून गेलो.

आधी गाणंच नाही! अंधार केला आणि जवळपास अर्धा तास जुन्या हॉलिवूडपटांचे तुकडे दाखवले. शेजारच्या बाई पुटपुटल्या, “हे मी घरी सोफ्यावर बसून बघते की.” मग तो आला. आवाज कसा, तर खडी भरलेला मिक्सर फिरतोय तसा. आयुष्यभर सिगारेटी ओढल्या, १९९४ मध्ये हृदयविकाराचा झटका आला तरी सुटल्या नाहीत. वरच्या सुरांच्या जागा त्याने सरळ सोडून दिल्यात. तिथे तो खालच्या पट्टीत, पारावर बसून बोलावं तसं म्हणून टाकतो. आणि त्याच्या बँडमधल्या लिसा जर्मानोची फिडल (व्हायोलिनच) त्या मोकळ्या जागेत येऊन बसते.

‘जॅक अँड डायन’ (१९८२, अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं त्याचं एकमेव गाणं) फक्त गिटारवर सुरू केलं. पब्लिकला दम कुठला, दुसरं कडवं यायच्या आत सगळ्यांनी ध्रुवपद धरलं. तो थांबला. हसून मान हलवली, अजून एक कडवं आहे बाबांनो, अशा अर्थाचं काहीतरी बोलला. तीनेक हजार माणसं स्वतःलाच हसली. खरं ध्रुवपद आलं तेव्हा त्याने ते जवळपास गायलंच नाही, लोकांवर सोपवलं. माझा सहकारी साठीचा माणूस. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं तरी ज्याचा चेहरा हलत नाही, तो डोळे मिटून मोठ्याने गात होता.

माझं म्हणणं एवढंच की आवाज गेल्यावर गवई काय ठेवतो आणि काय टाकतो, हे बघायलाच जायचं असतं. त्याने सिनेमा दाखवला तर बघावा, गोष्ट सांगितली तर ऐकावी. फर्माइशी करायच्या असतील तर गाडीत फोन आहेच.

पिटातला_प्रेक्षक
साफ नामंजूर. मेलनकॅम्प म्हणतो की माझे कार्यक्रम आता नाटकासारखे आहेत, लोकांनी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेला नाटक बघायला बसतात तशी शिस्त पाळावी. ठीक. पण मार्च २०२४ मध्ये ओहायोतल्या टोलीडोला काय झालं ते इथे का नाही लिहिलंत? आजीची गोष्ट सांगत होता, प्रेक्षकांतून कुणीतरी गाणं वाजव म्हणून ओरडलं, तर शिव्या घातल्या आणि स्टेज सोडून निघून गेला. एकाच्या आगाऊपणाची शिक्षा भरल्या थिएटरला?

नाटकाचीच उपमा घ्यायची तर आपल्याकडे बघा. वन्समोअर घेत घेत संगीत नाटकं पहाटेपर्यंत चालायची. बालगंधर्व उतारवयातही साडी नेसून उभे राहिले, कारण लोकांना तेच हवं होतं. लोकांनी मागायचं, नटाने द्यायचं. ही कुणाची कुणावर मेहरबानी नाही, व्यवहार आहे.

तंबोरा_आणि_थालीपीठ
पिटातले, चुकीचा दाखला दिलात. उतारवयातले बालगंधर्व आठवले की माझे आजोबा विषय बदलायचे. लोकांना हवं तेच देत राहिलं की काय होतं, ते त्यांनी पाहिलं होतं.

किशोरीताईंच्या मैफलीत कुजबुज झाली तर काय व्हायचं ते आठवा. आपण त्याला साधना म्हणायचो. तेच इंडियानाच्या माणसाने केलं की माज? आणि २००७ च्या सवाईत भीमसेनजी गायला बसले, वय ८५. मी मंडपात होते. माझ्या आसपास तरी कुणी ‘इंद्रायणी काठी’ची चिठ्ठी पाठवली नाही. एक एक सूर लावताना त्यांना काय पडतंय ते दिसत होतं, आणि नेमकं तेच ऐकायला सगळे थंडीत शाली घेऊन बसले होते.

पिटातला_प्रेक्षक
ताई, किशोरीताईंनी कधी स्टेडियम भरवून, बिअर विकून, लोकांना नाचवून नाव कमावलं नव्हतं. याने कमावलं. पंचवीस वर्षं “ओरडा” म्हणायचं आणि मग एक दिवस “चूप बसा”, असं कसं चालेल? रॉक आहे हो हे, ख्याल नाही.

एडिसनकर
आमचा ब्रूस बघा. रॉक गायक स्प्रिंगस्टीन १९४९ चा, म्हणजे मेलनकॅम्पपेक्षा दोन वर्षांनी मोठा. २०२३ मध्ये मेटलाइफ स्टेडियमला तीन तासांच्या आसपास उभा होता, सिनेमा नाही की मध्यंतर नाही. पुढे बसलेल्यांना हात मिळवत फिरला. हिट गाणी दिली आणि नवीही ऐकवली. जमतं की मग!

कणीसवाला
@एडिसनकर, आणि त्याच सप्टेंबरात पेप्टिक अल्सरमुळे पुढचे कार्यक्रम पुढे ढकलावे लागले, तेही लिहा की. मी ब्रूसला नावं ठेवत नाही. पण म्हाताऱ्याने घाम गाळला तरच पैसे वसूल, हा हिशेब मला जरा क्रूर वाटतो.

@पिटातले, टोलीडोची बातमी वाचली होती. शिव्यांचं समर्थन नाही. पण आजीची गोष्ट चालू असताना मध्येच ओरडणाऱ्याचंही नाही.

नको_रे_बाबा
१९८५ ची सीडी स्वच्छ आहे, पार्किंगला पैसे पडत नाहीत. इति.

बुजगावणं
काऊन बाप्पा, तुमी सारे हिट गाण्यावरच भांडून राह्यले. मी त्याला प्रत्यक्ष कधी पाहिलं नाही, यवतमाळात बसून मोबाइलवर ऐकलं. मला त्याचं एकच गाणं लागतं, १९८५ चं, पावसात उभ्या बुजगावण्याचं, ‘रेन ऑन द स्केअरक्रो’. आयडीही तिथूनच घेतला. जॉर्ज ग्रीन या गाववाल्या मित्रासोबत लिहिलंय. तेव्हा तिकडे व्याज चढलं होतं, जमिनीचे भाव पडले होते, बँका शेतं लिलावात काढत होत्या. गाण्यातला माणूस बापाची, आज्याची जमीन जाताना पाहतो. आमच्या धुऱ्यावर उभं राहून ऐका एकदा, भाषा लागत नाही.

त्याच वर्षी विली नेल्सन, नील यंग हे गायक आणि यानं मिळून इलिनॉयमधल्या शॅम्पेनला फार्म एड, म्हणजे शेतकऱ्यांच्या मदतीसाठी गाण्याचा कार्यक्रम, सुरू केलं. आजही चालू आहे. म्हातारा झाला म्हणून हे गाणं त्यानं गाऊ नये? म्हाताऱ्या माणसानंच गावं. तिशीतल्या पोराच्या तोंडी ते रागाचं गाणं होतं. आता घसा बसलेल्या आवाजात ऐकलं की वाटतं, बाजारातून हात हलवत परत आलेला शेतकरी बोलून राहिला.

नको_रे_बाबा
चाळीस वर्षं गाणी गाऊन किती शेतं वाचली?

बुजगावणं
नाट्यगीतं ऐकून तुमचं किती कर्ज फिटलं?

तंबोरा_आणि_थालीपीठ
😂 बुजगावणं, घ्या टाळी.

पिटातला_प्रेक्षक
बुजगावणं, तुमचा मुद्दा मान्य. ते गाणं आज जास्त शोभतं हे खरंय. राष्ट्राध्यक्ष रेगनच्या प्रचारवाल्यांना आपलं ‘पिंक हाउसेस’ हे गाणं वापरू न देणारा माणूस आहे, कणा आहे त्याला, तेही मान्य. पण माझी तक्रार गाण्यांबद्दल नव्हतीच. तिकीट काढताना ‘आधी अर्धा तास चित्रपट, नंतर गप्प बसणे’ असं ठळक लिहा. ज्याला हवं तो येईल. लग्नाला बोलावून सत्यनारायण आटोपून पाठवलंत तर माणूस बोलणारच.

आणि कणीसवाले, प्रामाणिकपणे सांगा. त्या अर्ध्या तासात तुम्ही स्वतः घड्याळ पाहिलं नाहीत?

कणीसवाला
पाहिलं. दोनदा. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा सहकाऱ्यानेही पाहिलं, आणि आम्ही दोघं चोरी पकडल्यासारखे समोर बघायला लागलो.

पण ध्रुवपदाला लोकांनी घाई केली तेव्हा ते जे हसू फुटलं, ते मला वाटतं त्या अर्ध्या तासामुळेच. सगळे कंटाळून, अवघडून एकत्र बसलेले होते. एसटी बंद पडल्यावर अनोळखी माणसं कशी बोलायला लागतात, तसं. हे सिद्ध करता येणार नाही.

एडिसनकर
म्हणजे कंटाळा हा कार्यक्रमाचा भाग? हे ब्रूसला कळवायला हवं.

पिटातला_प्रेक्षक
बरं, पुढच्या वेळी तुमच्या बाजूला आला तर कळवा. येईन. पण पॉपकॉर्न घेऊन बसणार, आधीच सांगतो. सिनेमा आहे तर सिनेमासारखाच बघेन.

कणीसवाला
चालेल. मका इंडियानाचाच असेल. फक्त दुसऱ्या कडव्यापर्यंत खाऊन संपवा.