सिगारेट सोडली म्हणून शाबासकी, आणि ग्लासाला सलाम?

रंकाळवेस

"सिगारेट सोडली. इच्छाशक्ती पाहिजे, बाकी काही लागत नाही. ज्यांना सुटत नाही ते नुसती कारणं सांगतात. आणि तंबाखू ती तंबाखूच, मावा-बिडीवाल्याशेजारी उभं राहवत नाही. दारूचं तसं नसतंय, बेतानं घेतली तर चार माणसांत बसायची गोष्ट आहे."

ही पोस्ट कालपासून आमच्या पेठेतल्या सगळ्या ग्रुपवर फिरतेय आणि खाली नुसत्या टाळ्या चालल्यात. सिगारेट सोडली हे चांगलंच झालं. पण शेवटची दोन वाक्यं मला पचलेली नाहीत.

कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचा सौदा चालतो तिथं जाऊन बघा. गुळाचे तीस किलोचे रवे, म्हणजे ढेपा, उचलणारा हमाल कमरेची चंची सोडतो, तळहातावर चिमूटभर तंबाखू घेतो, डबीतला चुना नखावर काढून अंगठ्यानं मळतो, दोन थापा मारून धूळ उडवतो आणि ओठाखाली बार भरतो. भूक मरते, शीण कळत नाही, दुपारपर्यंत रेटता येतं. त्याला आपण घाणेरडा म्हणतो. त्याच यार्डातला व्यापारी रात्री हायवेच्या परमिट रूममध्ये जाऊन बसला की "शेठ बसलेत" म्हणून कुणी फोनसुद्धा करत नाही.

लग्नाच्या बोलणीत तेच. पोरगा तंबाखू खातो कळलं की मुलीकडचे नाक मुरडतात. पार्टीत घेतो कधीतरी, म्हटलं की "आजकाल कोण घेत नाही" म्हणून चहा पुढं येतो.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं (आयएआरसी) दारूला पहिल्या गटातलं कर्करोगकारक १९८८ सालीच ठरवलं. तंबाखू ज्या गटात, त्याच गटात. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं की दारूचं सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही. मग हे "बेतानं" कुणी ठरवलं? तंबाखूच्या पुडीवर २०१६ पासून ८५ टक्के जागेत सडलेला जबडा दिसतो. दारूच्या बाटलीवर २०१९ पासून दोन ओळींचा इशारा आहे, चित्र एकही नाही. आणि गटारीला आपले शिक्षक, डॉक्टर, नगरसेवक सगळे बाटल्यांचे मेसेज पुढं पाठवतात. तंबाखूवर असा सण कुणी काढला तर चालेल का?

सोडली_एकदाची

ती पोस्ट माझी. नाव न घेता मारायची पद्धत आवडली नाही. समोर विचारायचं होतं.

मी हमालाला शिवी दिलेली नाही. मी म्हणतोय ते साधं आहे. मी सिगारेट ओढायचो तेव्हा माझ्या धाकट्या पोरीला दमा होता आणि धूर तिच्या छातीत जायचा. मी एक ग्लास घेतला तर तिच्या छातीत काय जातंय? तंबाखू दुसऱ्याच्या अंगावर येते. सार्वजनिक ठिकाणी ओढायला २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर बंदी आहे ती उगाच नाही. आणि थुंकणं? सीबीएस, म्हणजे मध्यवर्ती एसटी स्टँडच्या जिन्याचे कोपरे बघून या. अंबाबाईला आलेले परगावचे लोक तिथंच उतरतात, आपल्या शहराची पहिली ओळख त्यांना ती लाल भिंत देते. दारू पिणारा भिंती रंगवत नाही.

आणि इच्छाशक्तीवर मी ठाम आहे. पहिले तीन दिवस मेंदू फुटायची वेळ आली होती, टपरीकडं पाय वळायचे. नाही गेलो. बास.

आडवी_बाटली

दादा, "पोरीच्या छातीत काय जातंय" हे वाचून हात थरथरले, म्हणून लिहितेय.

कागल तालुक्यातलं आमचं गाव. सासरे तंबाखू खायचे, सासूबाई मिश्री लावायच्या, त्यावरनं घरात कधी भांडं वाजलं नाही. धाकटे दीर प्यायला लागले आणि वर्षाच्या आत दोन म्हशी गेल्या, जावेच्या कानातलं गेलं, पोराची फी तिच्या माहेरनं आली. पोरं बापाच्या पावलांचा आवाज ऐकून झोपेचं सोंग घ्यायची. तुमच्या ग्लासाचा धूर दिसत नाही एवढंच.

गावातलं दुकान बंद करायला आम्ही बायका उठलो, तेव्हा नियम कळला. आधी २५ टक्के महिला मतदारांच्या सह्या, त्यांची पडताळणी, मग गुप्त मतदान. चिठ्ठीवर उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. आडवीला मतं किती पाहिजेत? झालेल्या मतदानाच्या निम्मी नव्हेत, यादीतल्या एकूण महिलांच्या निम्म्याहून जास्त. म्हणजे लग्न होऊन गेलेली, पुण्याला कंपनीत लागलेली, नाव कमी न केलेली मयत म्हातारी, सगळ्या आपोआप उभ्या बाटलीकडं मोजल्या जातात. आमदार या हिशेबानं निवडायचा म्हटलं तर किती निवडून येतील? दुकान उघडताना मात्र आम्हाला कुणी एक चिठ्ठी दिली नव्हती.

वॉर्ड_रात्रपाळी

ताई, तुमच्याशी सहमत. पण रंकाळवेस यांचं "दारूला प्रतिष्ठा" हे अर्धंच खरं आहे. मी हॉस्पिटलात नर्स आहे. मांडीचं हाड मोडून पेशंट येतो. "दारू घेतात का?" विचारलं की बायको आणि भाऊ एका सुरात "नाही हो सिस्टर". तिसऱ्या रात्री तो माणूस सलाईन उपटतो, भिंतीवर किडे दिसतात म्हणतो, घामानं निथळतो, फिट येते. रोजची दारू एकदम तुटलेली असते. आधी सांगितलं असतं तर पहिल्या दिवसापासून औषध चालू झालं असतं. वेळेवर उपचार नाही झाले तर यात माणूस जातो. प्रतिष्ठा असती तर लपवलं असतं का? ती परमिट रूमपर्यंतच असते. घरी तोंड लपवायचंच असतं.

सोडली_एकदाची, तंबाखू एकदम सोडल्यानं कुणी मरत नाही, पण म्हणून ती नुसत्या इच्छाशक्तीनं सुटते असंही नाही. निकोटिनची तलफ पहिल्या दोन-तीन दिवसांत शिगेला जाते, मग दोन-चार आठवड्यांत उतरते. तुम्ही त्या घाटातून गेलात, अभिनंदन. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी निकोटिनची च्युइंगगम आहे, औषधं आहेत, पुडीवरच १८००-११-२३५६ हा फुकटचा नंबर छापलेला आहे. ते "नुसती कारणं" सांगत नाहीत.

आणि सगळी चर्चा सिगारेटवर का? २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रात चारातला एक प्रौढ तंबाखू घेणारा निघाला, त्यातले बहुतेक चघळणारे किंवा लावणारे. ओढणारे चार टक्क्यांच्या आसपास. निरोगी माणसाच्या तोंडात तीन बोटं उभी जातात. मावा खाणारी विशीतली पोरं येतात, त्यांच्या तोंडात एक बोट जाताना कष्ट पडतात. भाकरीचा तुकडा मोडून कडेनं सरकवतात. मिश्रीवाल्या बायका तर व्यसन म्हणून सांगतच नाहीत, "दात घासते" म्हणतात.

निपाणीकर

सगळे शहाणे जमलेत. तंबाखू विष, तंबाखू घाण. ती पिकवतं कोण याचा विचार आहे का कुणाला? कोल्हापुरापासून चाळीसेक किलोमीटरवर आमचं रान. बिडीची तंबाखू आमच्या आज्यापणज्यापासून. १९८१ ला शरद जोशींच्या मागं शेतकऱ्यांनी हायवे अडवला, गोळीबार झाला, माणसं गेली. कशासाठी? भावासाठी. आज तुम्ही पुडीवर सडका जबडा छापता, पण ज्याच्या रानातून पान येतं त्याला काय मिळतंय ते छापत नाही.

आणि कोल्हापूरवाल्यांनी आम्हाला नावं ठेवायची? तुमच्या प्रत्येक मोठ्या साखर कारखान्याच्या मागं डिस्टिलरीची चिमणी आहे. एक टन मळीपासून सव्वादोनशे लिटरच्या आसपास अल्कोहोल निघतं. उसाची दारू झाली की ती सहकार, तंबाखूची बिडी झाली की ते पाप. दारू जीएसटीत का नाही ते विचारा. राज्याची तिजोरी त्यावर चालते, म्हणून बाटलीवर जबडा छापायची हिंमत होत नाही.

ऊसवाला_करवीर

माहिती नसताना लिहू नका. मी स्वतः डिस्टिलरीत आहे. आता मोठा हिस्सा इथेनॉल होऊन पेट्रोलमध्ये जातो, २० टक्के मिश्रणापर्यंत देश आलाय. सॅनिटायझर, औषधं, रसायनं, सगळ्याला अल्कोहोल लागतं. तंबाखूचा चघळण्या-ओढण्याशिवाय काय उपयोग आहे सांगा.

निपाणीकर

पगार तिथला, मग असंच बोलणार. आणि "मोठा हिस्सा" म्हणजे उरलेला हिस्सा कुठं जातो तेही लिहा की.

ऊसवाला_करवीर

पगार काढायचं काम नाही. तुमच्या रानातली पानं शाळेशेजारच्या टपरीवर जातात, आमचं पेट्रोल तुमच्याच ट्रॅक्टर-मोटारसायकलीत जातंय.

ट्रॅक्टर डिझेलवर चालतो हे कुणी सांगायच्या आधी, मोटारसायकल धरा.

रंकाळवेस

धागा तंबाखू-दारूकडं समाज कसं बघतो याचा आहे. ऊस-तंबाखूच्या भांडणासाठी वेगळा काढा.

निपाणीकर

हाच मूळ प्रश्न आहे. ज्याच्या मागं कारखाना, संचालक मंडळ आणि आमदार उभे आहेत ते व्यसन बैठकीत बसतंय. ज्याच्या मागं चार एकरवाला आहे ते पायरीवर. तुम्ही हमालाचं उदाहरण दिलं ते याच कारणानं खरं आहे, तुम्हालाच पुढं बघायचं नाही.

वखारीची_लेक

निपाणीकर काका, शेतकऱ्याचं सांगितलंत ते बरोबर. वखारीचं का नाही सांगितलं? माझी आई तिथं तंबाखू चाळायला जायची. नाकाला पदर बांधून बसायची, तरी संध्याकाळी लुगडं झटकलं की परसात भुकटी उडायची. आम्ही पोरं शिंकून बेजार. नवीन बाई पहिल्या आठवड्यात चक्कर येऊन पडायची, बाकीच्या तिला गूळ-पाणी द्यायच्या आणि परत चाळणीपुढं बसवायच्या. तिनं आयुष्यात एक चिमूट तोंडात घातली नाही. म्हातारपणी दोन पायऱ्या चढल्या की दम. भाव वाढवून मागताना तिची मजुरी कुणाच्या मागणीत होती?

आणि सोडली_एकदाची दादा, "शेजारी उभं राहवत नाही" हा वास आमच्या आईला होता. आम्ही त्याच वासात झोपलो.

सोडली_एकदाची

तुमच्या आईबद्दल मी बोललो नव्हतो. पण लागलं असेल तर ते वाक्य मागं घेतो. थुंकण्याचं घेत नाही.

सिस्टरांचं औषधाचंही धरून चालू, काहींना लागत असेल. पण बेतानं घेण्याचं मी सोडणार नाही. माझ्या ग्लासामुळं माझ्या घरात कुणाच्या कानातलं गेलेलं नाही.

वॉर्ड_रात्रपाळी

मग तुमच्याच फायद्याचं सांगते. सिगारेट सोडलेली माणसं परत पेटवतात त्यात ग्लास हातात असतानाची वेळ फार मोठी. दोन घोट पोटात गेले की "एकच ओढतो" म्हणायला जीभ सैल होते. आणि तोंडाच्या, घशाच्या, अन्ननलिकेच्या कॅन्सरात दारू आणि तंबाखू एकत्र आल्या की धोका नुसता बेरजेनं वाढत नाही, त्याहून जास्त वाढतो. निदान पहिलं वर्षभर रस्सा मंडळाला, म्हणजे दोस्तांच्या मटण-रस्स्याच्या पंगतीला, जाऊन रस्साच प्या.

सोडली_एकदाची

गेल्या महिन्यात एका लग्नात हात खिशाकडं गेला होता. एवढंच सांगतो. पुढचं माझं मी बघेन.

आडवी_बाटली

बघा. आणि तुमच्या वॉर्डात कधी सह्या फिरल्या तर वहिनींना सही करू द्या. यादीतल्या मेलेल्या बायकांशी आम्हाला लढावं लागतंय, जिवंत तरी घरात बसू नयेत.

निपाणीकर

वखारीच्या ताई, तुमच्या आईचं नाकारत नाही. आमच्या आंदोलनात मजुरीचा मुद्दा मागं राहिला, हे आमच्यातली जुनी माणसंही बोलतात. पण मग तुम्हीच सांगा. उसाला केंद्र सरकारची एफआरपी, म्हणजे ठरवून दिलेला किमान दर, आहे. टोबॅको बोर्ड आहे, पण तो सिगारेटच्या तंबाखूसाठी, बिडीची तंबाखू त्याच्या कक्षेतच नाही. व्यापारी येतो, पान हातात चुरगाळतो, हुंगतो आणि मनाला येईल तो भाव सांगून जातो.

वखारीची_लेक

मग दुसरं पीक घ्या. लोकांचे जबडे सडवून भाव मागू नका.

निपाणीकर

सोयाबीन लावून बघितलंय ताई. लावा म्हणणाऱ्यांनी आधी त्याचा बाजारभाव बघून यावं, मग बोलू.